सबनीसकाकांचा काटा

सबनीसकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते फाफडा जाळत होते.

खात नव्हते, जाळत होते. रविवारची सकाळ होती आणि कारेलीबागेतल्या या सोसायटीत आम्ही राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. बडोद्यात रविवारी सकाळी घरोघरी फाफडा-जलेबीच्या पुड्या सुटतात, सोबत पपईचा संभारा आणि तळलेल्या मिरच्या असतात, आणि त्यानंतर तासभर कुणी कुणाला काही काम सांगत नाही. मी बाल्कनीतून खाली पाहिलं तर पार्किंगच्या ओट्यावर एक उंच, ताठ गृहस्थ बसलेले. समोर तिवईवर स्टीलचा पेला, पेल्यात पाणी, पाण्यात थर्मामीटर, आणि पेल्याखाली चिमट्यात धरलेला फाफडा चांगला भडकून पेटलेला. भोवती चार-पाच माणसं हातात बशा घेऊन उभी.

"अरे सबनीसभाई, बाळो छो शुं काम? खावा दो ने!" तळमजल्यावरचे जिग्नेशभाई कळवळून म्हणत होते.

"एक मिनिट. समीकरण बघा," ते गृहस्थ म्हणाले. फाफड्याची राख झाली. त्यांनी वाकून पाण्यातला आकडा वाचला आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "एवढी उष्णता एका फाफड्यात. तुम्ही आज किती खाल्लेत, जिग्नेशभाई?"

जिग्नेशभाईंनी हातातली पुडी पाठीमागे नेली.

काकांचा धंदाच जाळण्याचा होता. शहराबाहेरच्या एका कारखान्यात इंधनाच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभी नोकरी काढली. कोळसा आला, तेल आलं, की त्यातला चिमूटभर नमुना काकांकडे यायचा. तो जाळून त्यातून किती उष्णता निघते हे काकांनी सांगितल्याशिवाय माल बॉयलरपर्यंत जायचा नाही. निवृत्तीनंतर कोळसा सुटला, पण मोजायची खोड सुटली नाही. मग त्यांनी माणसं हाती घेतली.

"माणसात आणि बॉयलरमध्ये फरक काय?" ते मला म्हणाले होते. "हाही जाळतो, तोही जाळतो. आत गेलेलं कुठेतरी दिसलंच पाहिजे. काम म्हणून दिसेल, उष्णता म्हणून दिसेल, नाहीतर कमरेवर दिसेल. समीकरण बसलंच पाहिजे."

त्यांचे पणजोबा म्हणे संस्थानच्या धान्यकोठारावर अधिकारी होते. त्यामुळे आवक-जावक आमच्या रक्तातच आहे, असं काका सांगायचे. त्यावर आतून सुमनकाकूंचा आवाज यायचा, "रक्तात साखर आहे, ती आधी बघा."

सुमनकाकू म्हणजे काकांच्या पत्नी. तेव्हा त्या चांगल्या भरलेल्या अंगाच्या होत्या. पायऱ्या चढताना दोनदा थांबायच्या आणि दोन्ही वेळा कुणाशी तरी गप्पा मारून घ्यायच्या. काकांना त्यांनी स्वतःला कधी मोजू दिलं नाही. "माझं समीकरण मला ठाऊक आहे, तुम्ही सोसायटी सांभाळा," म्हणायच्या आणि त्यांच्या हातावर गुळाच्या सुखडीचा तुकडा ठेवायच्या. काका तो तुकडा आधी तळहातावर तोलायचे, मग खायचे.

माझी आणि काकांची दोस्ती बडोद्याजवळच्या पावागड डोंगरामुळे झाली. मी शाळेत भूगोल शिकवते हे कळल्याबरोबर ते दारात हजर. "पावागडची उंची सांग. समुद्रसपाटीपासूनची नको, पायथ्यापासून हवी." इतकी वर्षं शिकवते आहे, पण भूगोलात इतका नेमका रस मला कुणी दाखवला नव्हता. मी हरखून जाऊन शोधून दिली. दोन दिवसांनी सोसायटीत नवं माप सुरू झालं.

"कॅलरी म्हटलं की लोक जांभई देतात," काका म्हणाले. "पावागड म्हटलं की पाय दुखायला लागतात." अख्खा डोंगर पायी चढायला माणसाला साधारण चार गुलाबजाम पुरतात, असा त्यांचा हिशोब. म्हणजे एक गुलाबजाम झाला पाव पावागड. लग्नाच्या रांगेत मागच्या माणसाच्या ताटात डोकावून ते शांतपणे सांगायचे, "दीड पावागड झाला हं." एकानं विचारलं, "रोपवेनं गेलं तर चालेल ना?" काका म्हणाले, "रोपवेनं गेलात तर वीज कंपनी बारीक होईल. तुम्ही नाही."

लोक हसायचे, पण चिडायचेही. इतका डोंगर चढायचा आणि मोबदल्यात चारच गुलाबजाम, हे कुणालाच पटत नव्हतं. मलाही नाही. पण मी कागदावर गुणाकार करून पाहिला आणि उत्तर तेच आलं.

काकांना खरा त्रास दिला तो जिग्नेशभाईंनी. ते तीन माणसांचं खायचे. सेव-उसळ दोन प्लेट, वर दाबेली, घरी येऊन परत जेवण. आणि अंगावर मूठभर मांस नाही! "समीकरणाला भोक पडलंय," म्हणत काकांनी एक सबंध रविवार त्यांच्या समोर वर्तमानपत्र धरून काढला. संध्याकाळी माझ्याकडे आले ते डोळे चमकवतच.

"अगं, तो माणूस बसतच नाही!"

"म्हणजे?"

"फोन आला की पार्किंगला चकरा. पाणी प्यायला तीनदा उठतो, दरवेळी अर्धाच पेला पितो. आणि खुर्चीत बसला तरी त्याचा पाय हलतोय. सिनेमा बघतानासुद्धा हलतो. मी मुद्दाम बरोबर जाऊन आलो." व्यायाम न करता नुसत्या चुळबुळीतून माणूस केवढं जाळतो, या शोधानं ते आठवडाभर खूश होते. जिग्नेशभाईंच्या बायकोला, रमीलाबेनना, मात्र तो पाय मुळीच आवडत नसे. बसल्या बसल्या पाय हलवला तर घरात लक्ष्मी टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. काकांनी त्यांना गुजरातीतून समजावलं, "लक्ष्मी जाय तो जाय, बेन, चरबी पण जाय छे ने!"

त्यानंतर काट्यांचं खूळ आलं. एका माणसाचं वजन चार घरांत चार वेगवेगळं भरतं, हे त्यांना कुठूनसं कळलं आणि त्यांची झोपच उडाली. पाणीगेटच्या एका धान्यवाल्यानं दुकान बंद केलं होतं. त्याच्याकडची शिक्क्याची लोखंडी वजनं काकांनी आणली आणि ती पिशवीत घालून ते घरोघरचे वजनकाटे तपासायला निघाले. बेल वाजायची. "कोण?" "काटा!" असं उत्तर आलं की निम्म्या बायका घरात नसायच्या.

माझा गोल तबकडीचा काटा दोन किलो कमी दाखवत होता. मी त्या काट्यावर मनापासून प्रेम करत होते. काकांनी तो उलटा केला, खालचं झाकण काढलं, आत काहीतरी पिळलं आणि मला वर उभं केलं.

"दोन किलो कुठून आले काका?"

"आले नाहीत. होतेच." ते हत्यारं गोळा करत म्हणाले. "एक लक्षात ठेव. काटा माणसाचं मन राखायला लागला की तो काटा राहत नाही. नातेवाईक होतो."

ते दोन किलो जिव्हारी लागले म्हणून मी खाणं कमी केलं. पहिले काही आठवडे वजन भराभर उतरलं, मग जे थांबलं ते हलेचना. काकांनी माझी उलटतपासणी घेतली. चहात साखर? नाही. भाजी ढवळताना चमचा तोंडात? नाही. शाळेत कुणाचा वाढदिवस? झाला, पण पेढा पर्समध्ये टाकला, घरी नवऱ्यानं खाल्ला. काका खरोखर अस्वस्थ झाले. एखाद्याला आपला सिद्धांत चुकलेला पाहून राग येतो, काकांना भूक लागते तशी उत्सुकता लागली. पंधरा दिवस ते कुठे कुठे वाचत होते, कुणाकुणाला फोन करत होते. मग एक दिवस आले आणि सोफ्यावर बसायच्या आधीच म्हणाले, "अनघा, शरीर बॉयलर नाही."

"मग काय आहे?"

"बॉयलरला कोळसा कमी घातला तर तो बिचारा थंड पडतो. शरीर तसं करत नाही. त्याला वाटतं, दुष्काळ पडला. ते आपली आग स्वतःच बारीक करतं, अंगातली हालचाल चोरतं, आणि वर भूक वाढवून ठेवतं. तू कमी खातेस म्हणून ते कमी जाळतंय. समीकरण बसतंय गं, पण समीकरणाची दुसरी बाजू जागची हलते! हे मला कोळशानं कधीच केलं नाही." मग म्हणाले, "तुझा काही दोष नाही यात."

मला एवढं बरं गेल्या कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ते रमीलाबेनकडे गेले. त्यांचं वजन उतरत नाही म्हणून वर्षानुवर्षं ते त्यांना तोंडावर ताबा ठेवा म्हणून सांगत आले होते. दारातच उभं राहून त्यांनी माफी मागितली. रमीलाबेनना कशाबद्दल ते नीट कळलं नाही, पण त्यांनी काकांना गरम हांडवो खायला घातला.

गेल्या वर्षी सुमनकाकूंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. जठराचा बराच भाग काढावा लागला. त्या घरी आल्या तेव्हा मी भेटायला गेले आणि दारातच थबकले. पलंगावर काकूंचा गाऊन होता, काकू त्यात कुठेतरी होत्या. हसणं तेवढं तेच होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं की थोडं थोडं पण दिवसभर खायचं, आणि वजन आता आणखी उतरता कामा नये. काकूंना तर अन्न समोर नको व्हायचं. काकांनी मला जिन्यात गाठून त्याचंही कारण सांगितलं. "भूक लागल्याचा निरोप जठरातून निघतो. ते जठरच फारसं उरलं नाही, तर निरोप कोण देणार? तिला भूक लागतच नाही गं. घड्याळ बघून जेवते." सांगताना त्यांच्या आवाजात नेहमीचा उत्साह यायला लागला होता, तो मध्येच विझला.

त्या दिवसापासून काकांचं सगळं शास्त्र उलटं फिरलं. ज्या माणसानं सोसायटीला तुपाची भीती घातली, तो आता वरणात तूप किती मुरवता येतं याचे प्रयोग करत होता. एका चमच्यात जास्तीत जास्त पावागड कसा बसवायचा, एवढाच प्रश्न उरला होता. दाण्याचं कूट, खजूर, साय, सगळं वाटून, गाळून, काकूंना कळणार नाही अशा बेतानं. जाळणं बंद झालं. लग्नात ते कुणाच्या ताटात डोकावेनासे झाले. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

दर गुरुवारी काकू काट्यावर उभ्या राहायच्या. सुरुवातीला दर गुरुवारी आकडा खाली यायचा. तो पाहिला की त्या दिवसभर वाटी सरकवून द्यायच्या. "खाऊन तरी काय उपयोग," एवढंच म्हणायच्या, आणि न खाल्ल्यानं पुढचा आकडा आणखी खाली. माझ्यासमोर एकदा असं झालं. काका वाटी हातात घेऊन नुसते उभे राहिले होते. 

मग उन्हाळ्याच्या तोंडी बातमी आली की काकूंचं वजन वाढायला लागलं. रमीलाबेननी मला फाटकातच सांगितलं, "सुमनबेननुं वजन वध्युं, बे किलो!" सगळ्यांना आनंद झाला. काकू पलंगावरून उठून गॅलरीत बसायला लागल्या, वाटी निम्मी तरी रिकामी व्हायला लागली.

अशाच एका गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. मीही खुशीत होते. कधीचा अडलेला माझा आकडा त्या दिवशी सकाळी हलला होता, घरच्या काट्यावर सदुसष्ट भरलं होतं. काकूंनी नुकतंच वजन केलं होतं. "चव्वेचाळीस!" त्या बोटांनी दाखवत म्हणाल्या. "आता तू उभी राहा बघू. तुझं काय ते डाएट, कळू दे आम्हाला."

मी उभी राहिले. काटा थरथरला आणि सत्तरवर स्थिर झाला.

"अहो काका, हा काटा..." एवढं माझ्या तोंडून निघालं आणि मी मान वर केली.

काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हातात शिऱ्याची वाटी होती. ते काट्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. इतकं घाबरलेलं माणूस मी फार कमी वेळा पाहिलंय. आमच्या दोन्ही काट्यांना त्यांच्याच हातानं शिक्क्याची वजनं लागली होती. त्यातला एक आता खोटं बोलत होता, आणि कोणता ते मला कळलं होतं.

"किती?" काकूंनी विचारलं.

"सत्तर," मी म्हणाले. "मेलं वाढलंच की. परवा सावली गावाला लग्नाला गेलो होतो ना काकू, तिथे बासुंदी हाणली."

लग्न नव्हतं, बासुंदी नव्हती, सावलीला मी वर्षभरात गेले नव्हते. काकू इतक्या हसल्या की त्यांना टाक्यांच्या जागी हात धरावा लागला. "बघा हो, ही तुमची शिष्या! बोला की आता काहीतरी. एरवी तर फाडून खाता लोकांना."

काकांनी घसा खाकरला. "बासुंदी... बासुंदी वाईटच," ते कसंबसं म्हणाले. त्या एका वाक्यावर त्यांचं व्याख्यान संपलं. काकूंनी हसत हसतच त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि माझ्याशी बोलता बोलता ती संपवली.

मी निघाले तेव्हा काका चपला घालून माझ्यामागे जिन्यात आले. आम्ही एक मजला उतरलो.

"शून्याला मी हात लावलेला नाही," ते म्हणाले. "रिकामा काटा शून्यच दाखवतो. आतल्या स्प्रिंगचा ताण फक्त बदललाय. तिच्या बेचाळीसचे चव्वेचाळीस होतात. तू जड आहेस, म्हणून तुझे तीन वाढले."

"आणि डॉक्टर?"

"त्यांना खरा आकडा सांगतो. दवाखान्यात ती काट्यावर चढली की मी तिच्यासमोर उभा राहतो, तिला दिसत नाही." त्यांनी कठड्याला हात टेकला. "नोकरीत साहेबांनी दम दिला तरी मी कधी आकडा फिरवला नाही गं. पण आकडा उतरला की ती जेवायची नाही. मला दुसरं काही सुचलं नाही."

मला रडू आलं. मी म्हटलं, "बरं केलंत काका."

"बरं की वाईट, ते जाऊ दे. आज तू समोर होतीस तर तिनं वाटी संपवली, बघितलंस? मी समोर बसलो तर अर्धी टाकते. मी तिच्या तोंडाकडे बघत बसतो ना." मग पायरीकडे बघत म्हणाले, "गुरुवारी जेवायलाच येत जा. तुझ्या डाएटचं मला माहीत आहे. दर गुरुवारचा एक पावागड तरी पडेल तुला. मी मोजलंय."

तेव्हापासून माझे गुरुवार सबनीसांकडे जातात. काकू पलंग सोडून टेबलाशी येतात. मी बोलते, त्या बोलतात, माझ्या पानात पोळी पडते म्हणून त्यांच्या पानात चतकोर पडते, मी शिरा परत घेते म्हणून त्याही चमचाभर घेतात. काका पाठ करून ओट्याशी काहीतरी पुसत राहतात. गप्पांत सगळी सोसायटी येते, वजन येत नाही.

परवा कितीतरी दिवसांनी मी घरच्या काट्यावर उभी राहिले. सत्तर. हा मात्र खरा सत्तर होता. मी हसतच खाली गेले आणि पार्किंगमध्ये काकांना गाठून सांगितलं, "काका, तुमचा काटा तेव्हा खोटं बोलला नव्हता, जरा लवकर बोलला होता."

वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत.

"हिचं या महिन्यात उतरलं नाही," ते म्हणाले. "खरं बेचाळीसच राहिलं. काल दवाखान्यात दोनदा बघून घेतलं मी."

"मग चांगलं झालं की!"

"चांगलंच झालं. पण अनघा, ती खाते ते सगळं मी मोजतो. तेवढ्यावर वजन थांबायला नको होतं, अजून उतरायला हवं होतं. कुठून तरी काहीतरी आत जातंय, आणि ते काय ते मला सापडत नाही."

इतकी वर्षं मी या माणसाला ओळखते. न सापडलेली गोष्ट शोधल्याशिवाय ते जेवलेले मला आठवत नाहीत. मी विचारलं, "मग? शोधायचं का आपण?"

काकांनी वर आपल्या गॅलरीकडे पाहिलं. काकू तिथे बसून खालच्या रमीलाबेनशी काहीतरी बोलत होत्या.

"नको," ते म्हणाले. "थांबलंय ना, थांबू दे."